आधी अंगरखा, मग बंदूक

व्हाइटफील्डला राहणाऱ्या एका स्नेह्यांनी मागच्या महिन्यात मला एक एक्सेल शीट दाखवली. एकोणीस ओळींची. पहिल्या ओळीत ६.५ क्रीडमूरची बोल्ट ॲक्शन रायफल, दुसरीत पाच ते पंचवीस पट मोठं दाखवणारी दुर्बीण. मग बायपॉड, लेझरनं अंतर मोजणारं यंत्र, वारा आणि हवेचा दाब सांगणारं हातातलं मीटर, गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ, शिवाय या सगळ्याचं गणित करून देणारं मोबाइलमधलं ॲप. शेवटच्या ओळीत बेरीज. आकडा सांगत नाही, पण त्यात गावाकडे एक बरा ट्रॅक्टर आला असता. गृहस्थ पन्नाशीच्या अलीकडचे, सॉफ्टवेअरमधले, अभ्यासू. त्यांना लांब पल्ल्याची रायफल नेमबाजी सुरू करायची आहे. तोवर त्यांनी एकही गोळी झाडलेली नव्हती.

मला हसू आलं आणि ते दुखावले. मग त्यांनी आपली बाजू मांडली, ती थोडक्यात अशी. एक, लांबचा नेम हा मुळात साधनांचा खेळ आहे. दहा मीटरवर छर्रे मारणं हा पोरखेळ, त्यात वर्षं घालवून हजार मीटरचं काही कळत नाही. दोन, दुर्बिणीशिवाय लांबचा नेम ही कल्पनाच हास्यास्पद. तीन, घ्यायचं तर एकदाच आणि चांगलं घ्यावं; स्वस्तातलं घेऊन दोनदा पैसे घालवू नयेत.

हे मत त्यांच्या एकट्याचं असतं तर चहाबरोबर संपलं असतं. पण बंगळूरमध्ये, पुण्यात, ठाण्यात मला हेच मत पुन्हा पुन्हा ऐकू येतं, तेही अगदी नवख्यांकडून. म्हणून उत्तर जाहीरपणे देतो. पहिले दोन मुद्दे साफ चुकीचे आहेत. तिसरा अर्धा बरोबर आहे, आणि म्हणूनच तो सर्वांत घातक आहे.

आधी जमिनीवर येऊ, कारण या यादीला जमीनच नाही. हजार मीटरवर गोळी झाडायला हजार मीटरची रेंज लागते. तिच्यामागे गोळी अडवणारा उंच बांध लागतो आणि आजूबाजूला निर्मनुष्य पट्टा लागतो. आपल्याकडे तीनशे मीटर आणि त्यापुढच्या रेंज बहुतेक लष्कराकडे आणि निमलष्करी दलांकडे आहेत. महूचं आर्मी मार्क्समनशिप युनिट हे त्यातलं ठळक नाव. सामान्य नागरिकाला क्लबमध्ये जे अंतर मिळतं ते दहा, पंचवीस आणि पन्नास मीटरचं. "कनकपुऱ्याकडे मित्राचं शेत आहे" हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. शेत आपलं असलं म्हणून गोळी आपल्या बांधावर थांबत नाही. साधी .२२ बोअरची गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाऊ शकते, आणि कनकपुरा रस्त्याच्या आसपास दीड किलोमीटरमध्ये किती माणसं राहतात हे बंगळूरकरांना सांगायला नको.

मग कायदा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० जूलच्या आत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. .२२ला लागतो, आणि बंगळूरमध्ये त्यासाठी पोलीस आयुक्तालयाची पायरी चढावी लागते. त्याच्या वरच्या बोअरची, तीही परदेशी रायफल आणायची तर खेळाडू म्हणून आधी काहीतरी करून दाखवावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. सवलत आहे ती नाव कमावलेल्या नेमबाजांना. थोडक्यात, कायद्यानं जो क्रम घालून दिला आहे तोच शिकण्याचाही क्रम आहे: आधी छर्रा, मग .२२, मग पुढचं. आमच्या स्नेह्यांनी कळसापासून सुरुवात केली.

"पण बंगळूरमध्येच तर स्नायपर रायफली बनतात!" हेही मला ऐकवलं गेलं. बनतात, खरं आहे. एसएसएस डिफेन्स ही इथली कंपनी, मूळ स्प्रिंगा बनवणाऱ्या उद्योगातून आलेली. तिची .३३८ लापुआ मॅग्नमची 'सेबर' आणि .३०८ची 'वायपर' यांचा आपल्याला अभिमान वाटायलाच हवा. पण त्या सैनिकांसाठी आहेत. इस्रोचं मुख्यालयही बंगळूरमध्येच आहे. म्हणून कुणी गच्चीवर रॉकेटची बैठक बांधायला घेत नाही.

आता 'पोरखेळा'कडे. लक्ष्य जितकं लांब तितका नेम कठीण, असं आपण गृहीत धरतो. आकडे काय म्हणतात ते पाहा. पन्नास मीटरच्या ऑलिंपिक लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. तेच सहापट लांब, म्हणजे तीनशे मीटरवर नेलं, तर प्रमाणानं ६२.४ मिलिमीटर व्हायला हवं. प्रत्यक्षात तीनशे मीटरच्या लक्ष्यावर ते १०० मिलिमीटरचं असतं. गोळीची कड वर्तुळाला लागली तरी दहा मिळतात, म्हणून गोळीची जाडी मिळवून बघू: पन्नास मीटरचं १६ मिलिमीटर, त्याचे सहापट ९६, तीनशे मीटरचं साधारण १०८. कसंही मोजा, कोनाच्या हिशोबात पन्नास मीटरचे दहा गुण जास्त अवघड आहेत. आणि दहा मीटरच्या एअर रायफलचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. ज्यांना तो पोरखेळ वाटतो त्यांनी तो एकदा उभं राहून, टेकू न घेता मारून दाखवावा. चिक्कबळ्ळापूर इथून तासा-दीड तासाच्या वाटेवर. तिथे जन्मलेल्या आणि पुढे महाराष्ट्राच्या झालेल्या सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत याच दहा मीटरवर ४०० पैकी ४०० गुण मिळवले होते. चाळीस छर्रे, चाळीस वेळा दहा. आपल्या बंगळूरच्या तिलोत्तमा सेननं २०२३ मध्ये चांगवॉनला भारतासाठी ऑलिंपिकचा कोटा मिळवला, तोही दहा मीटरवरच, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास. हा पोरखेळ असेलच, तर पोरं आपल्यापेक्षा फार पुढे आहेत.

"पण वारा? वारा तर लांबवरच शिकता येतो ना?" हा प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर यादीच्या आणखी विरुद्ध जातं. .२२ची गोळी हलकी आणि संथ. सामन्याची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगानं निघते. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा तिला पन्नास मीटरवर दोन सेंटिमीटरहून जास्त ढकलतो. म्हणजे हातातला दहा निसटून गोळी आठच्या कडेला. शंभर मीटरवर तोच वारा तिला साधारण दहा सेंटिमीटर हलवतो. कोनात मोजलं तर .३०८ची गोळी तीनशे मीटरवर जितकी हलते त्यापेक्षा हे जास्त आहे. वारा वाचायला शिकवणारा सर्वांत कडक मास्तर ही स्वस्त, छोटी गोळी आहे. ती चूक लगेच दाखवते, आणि दाखवण्याचे पैसे कमी घेते. रेंजवरच्या कापडी झेंड्यांकडे बघून "आत्ता नको, थांब" असं स्वतःला म्हणायला शिकणं हे लांबच्या नेमबाजीचं अर्धं शास्त्र आहे; ते हातातल्या मीटरवर उमटत नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर वर आहे, इथली हवा मुंबईपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ आहे, त्याचं गणित ॲप करून देतं हे खरं. पण त्या गणिताचा फरक शेकडो मीटरनंतर दिसतो. पन्नास मीटरवर तो तुमच्या श्वासाच्या चुकीखाली गाडला जातो.

दुसरा मुद्दा दुर्बिणीचा. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत मोठं दाखवणारी दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक छिद्राची पीप साइट, पुढे वर्तुळाची फोरसाइट, एकात एक बसलेली वर्तुळं, बस्स. त्यामुळे ज्याला राज्य स्पर्धा, मग मावळंकर स्पर्धा, मग राष्ट्रीय अशी शिडी चढायची आहे त्याच्या यादीतली दुसरी ओळ पहिल्याच दिवशी बाद होते. (ही स्पर्धा ज्यांच्या नावाची ते गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना उभी करणारा हा मराठी माणूस होता हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?) "मला स्पर्धा नकोच, मला मजेसाठी हजार यार्डांवर मारायचं आहे," असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी इंग्लंडमधल्या बिस्ली रेंजचं उदाहरण. तिथे १८९० पासून लांब पल्ल्याच्या स्पर्धा भरतात. तिथल्या पारंपरिक टार्गेट रायफल प्रकारात आजही लोक हजार यार्डांवर पीप साइटनं, पोटावर झोपून, पट्ट्याच्या आधारानं मारतात. दुर्बीण नाही, बायपॉड नाही.

दुर्बीण वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ती नवशिक्याशी खोटं बोलते, एवढंच. पंचवीस पटीची दुर्बीण हाताची थरथर कमी करत नाही. मोठी करून दाखवते. ती बघून माणूस घाबरतो आणि काटा मध्यावर आला की चाप हिसकतो. एक मिलिरेडियन थरथर पन्नास मीटरवर पाच सेंटिमीटरची असते, हजार मीटरवर एक मीटरची. ती घालवायचं यंत्र बाजारात नाही. माझ्याही कपाटात अशी एक दुर्बीण पडून आहे, खोक्यासकट. तिच्याकडे बघूनच हे लिहितो आहे.

आता तिसरा मुद्दा: एकदाच घ्या, चांगलं घ्या. फ्रिज घेताना हे धोरण उत्तम. फ्रिज तुमच्या खांद्याच्या मापाचा लागत नाही. रायफल लागते. बट प्लेट किती लांब, चीक पीस किती उंच, पट्टा दंडावर कुठे, हे सगळं तुमच्या शरीराची बैठक ठरवते, आणि बैठक पहिल्या सहा-आठ महिन्यांत सतत बदलते. तुमची मान कुठे स्थिरावणार हे तुम्हालाच माहीत नसताना तुम्ही कुणाच्या मानेसाठी चार-पाच लाख मोजता? पहिल्या वर्षी रायफल क्लबची असावी, क्लबच्या रेंजवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली. तिच्यावर आपण कुठे अडतो ते कळलं की मग स्वतःची घेताना काय मागायचं ते समजतं.

उसनी मिळणार नाही अशी वस्तू एकच, आणि तीच आमच्या स्नेह्यांच्या एकोणीस ओळींत नव्हती: जॅकेट. कॅनव्हास-चामड्याचा तो कडक अंगरखा पाहून नवखे हसतात, पण उभ्या बैठकीत रायफलचं पाच किलोंवरचं वजन तासभर पेलताना पाठीचा कणा त्याच्या भरवशावर उभा असतो. त्याला इतका अर्थ आहे म्हणूनच नियमांनी त्याची जाडी अडीच मिलिमीटरवर बांधली आहे आणि स्पर्धेआधी त्याचा कडकपणा यंत्रावर तपासतात. दुसऱ्याच्या मापाचं जॅकेट म्हणजे दुसऱ्याच्या मापाची चप्पल. चालता येतं, पण चाल बिघडते. म्हणून माझा क्रम त्यांना उलटा वाटतो: बसता येऊ लागलं, उभं राहता येऊ लागलं, की पहिला मोठा खर्च अंगरख्यावर, डाव्या हाताच्या ग्लोव्हवर आणि नीलिंगच्या उशीवर. बंदूक नंतर. वाढत्या वयाच्या मुलांच्या पालकांनी यातही घाई करू नये. वर्षभरात बाह्या आखूड होतात.

त्या शीटमध्ये आणखी दोन गोष्टी नव्हत्या, आणि त्याचं मला खरं दुःख झालं. छर्रे नव्हते. प्रशिक्षक नव्हता. एका सामन्यात आता साठ छर्रे. आठवड्याला चार दिवस, दिवसाला साठ, वर्षाचे पन्नास आठवडे, म्हणजे बारा हजार छर्रे; पाचशेच्या डब्यांत चोवीस डबे. रायफल एकदा घ्यायची असते, छर्रे रोज. पुढे .२२वर गेलात की गोष्ट आणखी गुंतते. त्या काडतुसात घरी दारू भरता येत नाही. जे कारखान्यातून आलं तेच. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन लॉटमधल्या गोळ्या एकाच नळीतून वेगवेगळा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, देतात. म्हणून जगातले अव्वल नेमबाज एले किंवा लापुआ या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या चाचणी रेंजवर आपली नळी घेऊन जातात आणि जुळणारा लॉट शोधून तो भरभरून विकत घेतात. मधल्या किमतीची रायफल आणि तिला जुळलेल्या गोळ्या, ही जोडी महागडी रायफल आणि न जुळलेल्या गोळ्यांना हरवते. ज्याच्या अंदाजपत्रकात गोळ्या नाहीत त्यानं रायफल घेतलेली नाही. भिंतीवर टांगायची वस्तू घेतली आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी साधनांच्या विरुद्ध आहे. नाही. साधनाशिवाय पदक मिळतं ही आपल्या वर्तमानपत्रांची आवडती गोष्ट मला महागड्या यादीइतकीच खोटी वाटते. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकलं. लगेच एकलव्याच्या गोष्टी सुरू झाल्या. गाव लहान, मार्ग खडतर, हे सगळं खरं. पण २००९ मध्ये तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. पुढे रेल्वेनं नोकरी दिली. दीपाली देशपांडे यांच्यासारख्या अथेन्स ऑलिंपिक खेळलेल्या नेमबाजानं त्याला घडवलं. एकलव्याजवळ मातीचा पुतळा होता. स्वप्नीलजवळ रेंज होती, गुरू होत्या आणि पंधरा वर्षं होती. पात्रता फेरीतले ६०० पैकी ५९० अभावातून येत नाहीत. तो सगळा साठा योग्य क्रमानं आला, म्हणून कामी आला.

अंजली भागवतांचाही क्रम बघा. एनसीसीतून आलेली ही मुलगी. रायफल हाती घेतल्यापासून आठवड्याभरात, १९८८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत, तिनं महाराष्ट्रासाठी रौप्य मिळवलं. पहिला व्यावसायिक दर्जाचा संच तिच्याकडे आला १९९३ मध्ये, आणि तो दिला नाना पाटेकरांनी, जे स्वतः नेमबाज आहेत. मध्ये पाच वर्षं. संच आला तेव्हा त्याचं काय करायचं ते तिला माहीत होतं. सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी त्यानंतरची. साधन उशिरा आलं याचं मी कौतुक करत नाही, आणखी लवकर यायला हवं होतं. पण ते नेमबाजाकडे आलं. आमच्या स्नेह्यांना ते नेमबाज व्हायच्या आधी हवं आहे.

तिसऱ्या मुद्द्यातला अर्धा खरा भाग असा: वाईट साधन वाईट सवय लावतं. ज्या रायफलचा चाप खरखरतो, जिची साइट ढिली आहे, तिच्यावर शिकणाऱ्याला स्वतःची चूक आणि बंदुकीची चूक वेगळी ओळखता येत नाही. जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीवर नेम शिकू नये. पण जत्रेची बंदूक आणि लाखोंची यादी यांच्यामध्ये भरपूर जागा आहे. क्लबची जुनी पण नीट राखलेली जर्मन एअर रायफल त्याच जागेत बसते. महाराष्ट्रात प्रेसिहोलसारखी कंपनी आता देशी एअर रायफली बनवते, त्याही तिथेच बसतात. वीस वर्षं जुनी जर्मन अनशुट्झ रायफल आजही तुमच्यापेक्षा चांगला नेम धरते, आणि तो तुमच्या हातून सुटतो यात तिचा दोष नाही. आपल्याकडे नाचता येईना म्हणून अंगण वाकडं ठरवतात. हे गृहस्थ नाचायच्या आधीच अंगणात इटालियन मार्बल घालून घेत होते.

म्हणून माझी यादी. पहिले सहा महिने क्लबची फी, प्रशिक्षक, छर्रे आणि कानातले बोळे. क्लबच्याच रायफलनं रोज वीस मिनिटं छर्रा न भरता, भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर, ज्याला रेंजवर ड्राय म्हणतात ते. याला खर्च शून्य. बहुतेक लोक ते करत नाहीत याचं कारण कदाचित तेच असावं. मग अंगरखा आणि ग्लोव्ह. मग, मन टिकलं तर, स्वतःची एअर रायफल. मग क्लबच्या .२२वर पन्नास मीटर, झोपून. परवान्याचे कागद, स्वतःची .२२ आणि लॉटची चाचणी त्यानंतर. त्याहून लांब जायची इच्छा तोवर उरली असेल, तर काय घ्यायचं ते मला विचारावं लागणार नाही.

स्नेह्यांना मी एक अट घातली आहे, ती इथेही मांडतो. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. पन्नास मीटरवर, झोपून, उसन्या .२२नं, पीप साइटमधून झाडलेल्या सलग पाच गोळ्यांची पाचही भोकं ज्या दिवशी त्या नाण्याखाली झाकली जातील, आणि एकदा नाही तर एकाच सकाळी पाच कागदांवर पाच वेळा, त्या दिवशी त्यांनी ती एक्सेल शीट पुन्हा उघडावी. वाऱ्याचं मीटरसुद्धा घ्यावं. मी हसणार नाही. परवा ते पहिल्यांदा रेंजवर जाऊन आले. पाच गोळ्या झाडल्या. कागद घेऊन घरी आले आणि त्यावर ठेवायला नाण्याऐवजी त्यांना जेवणाचं ताट शोधावं लागलं. रविवारी पुन्हा जाणार आहेत.